आरवलीचा लेखक आणि लोकार्नोचा सुवर्ण बिबट्या

एखाद्या कलाकृतीस परदेशात पारितोषिक मिळाले म्हणजे ते नेमके कोणास मिळाले असे समजावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. चित्र असेल तर ते चित्रकाराचे, काव्य असेल तर ते कवीचे, हे कोणीही सांगेल. पण बोलपटाची गोष्ट निराळी आहे. तो एका हाताने घडत नाही. कथा एकाची, दिग्दर्शन दुसऱ्याचे, अभिनय तिसऱ्याचा, पैसा चौथ्याचा, आणि ज्यांचे आयुष्य पडद्यावर दाखविले जाते ती माणसे तर या साऱ्यांहून वेगळीच. १९८१ साली स्वित्झर्लंडातील लोकार्नो येथील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘चक्र’ नावाच्या हिंदी बोलपटास ‘सुवर्ण बिबट्या’ हे तेथील सर्वश्रेष्ठ पारितोषिक लाभले. त्याचे दिग्दर्शक रवींद्र धर्मराज होत. परंतु त्या बोलपटाचे मूळ एका मराठी कादंबरीत आहे, आणि त्या कादंबरीचा कर्ता सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील आरवली या खेड्यात वाढलेला होता, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात राहिलेली नाही. ती ध्यानात आणून देण्याजोगी आहे. कारण तिच्यात एका पारितोषिकाचा इतिहास तर आहेच, पण त्याबरोबर कोकण आणि मुंबई यांच्या शंभर वर्षांच्या नात्याचाही इतिहास आहे.

चित्रपटांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा ही विसाव्या शतकातील प्रथा आहे. व्हेनिस येथे १९३२ साली असा पहिला महोत्सव भरला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ साली फ्रान्समधील कान आणि स्वित्झर्लंडमधील लोकार्नो या दोन ठिकाणी नवे महोत्सव सुरू झाले. १९५१ साली बर्लिनचा सुरू झाला. या दरबारांत मराठी बोलपटाचा प्रवेश फार लवकर झाला, ही अभिमानाची गोष्ट होय. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३६ च्या डिसेंबरात मुंबईत प्रदर्शित झाला आणि पुढील वर्षी व्हेनिस येथे त्यास खास प्रशस्तिपत्र मिळाले. त्याच महोत्सवात फ्रान्सच्या झाँ रनवार यांचा ‘ला ग्राँद इल्यूझियाँ’ हा जगप्रसिद्ध बोलपटही गौरविला गेला होता. अशा पंगतीत विष्णुपंत पागनीस यांच्या तुकोबाला आणि गौरीबाईंच्या आवलीला मानाचे पान मिळाले! त्या प्रशस्तिपत्राचे पुढे काय झाले, तेही ऐकण्याजोगे आहे. १९७४ च्या सुमारास ते गहाळ झाले, आणि तब्बल तीस वर्षांनी, २००४ साली, केरळातील एका छायालेखकाच्या हाती लागून ते राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे परत आले. मान मिळविणे कठीण, पण तो सांभाळणे त्याहून कठीण, हेच यावरून दिसते.

लोकार्नो हे नाव इतिहासाच्या वाचकांस अपरिचित नाही. आल्प्सच्या दक्षिण उतारावर, माज्जोरे सरोवराच्या काठी, इटालियन भाषा बोलणाऱ्या तिचीनो प्रांतात हे लहानसे नगर वसले आहे. १९२५ च्या ऑक्टोबरात येथेच जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन, इटली, बेल्जियम आदी राष्ट्रांच्या मुत्सद्द्यांनी एकत्र बसून युरोपात शांतता टिकविण्यासाठी करारमदार केले. ती शांतता फार वर्षे टिकली नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, त्याच गावातील एका मोठ्या हॉटेलच्या बागेत पडदा उभारून चित्रपटांचा उत्सव सुरू झाला. १९४८ साली तेथील श्रेष्ठ पारितोषिक इटलीच्या रोबेर्तो रोसेलिनी यांच्या ‘जर्मनी, वर्ष शून्य’ या अर्थाच्या नावाच्या बोलपटास मिळाले. बाँबहल्ल्यांनी जमीनदोस्त झालेल्या बर्लिनमध्ये, ढिगाऱ्यांमधून पोट भरण्यासाठी वणवण करणाऱ्या एका लहान मुलाची ती कथा होती. पडक्या घरांत वाढणारी मुले, मोठ्या माणसांच्या अपराधांचे ओझे वाहणारी मुले, यांच्याकडे सहानुभूतीने पाहण्याची परंपरा त्या महोत्सवात आरंभापासून होती. १९६८ पासून तेथील श्रेष्ठ पारितोषिकास ‘सुवर्ण बिबट्या’ हे नाव मिळाले, आणि १९७१ पासून गावच्या मोठ्या चौकात उघड्या आकाशाखाली चित्रपट दाखविण्याचा प्रघात पडला.

लोकार्नोचे करार ज्या वर्षी झाले त्याच वर्षी, १४ ऑगस्ट १९२५ रोजी, जयवंत दळवी यांचा जन्म गोव्यात झाला. त्यांचे बालपण मात्र गेले ते वेंगुर्ले तालुक्यातील आरवली येथे. वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाणाऱ्या वाटेवर, माडा-पोफळींच्या सावलीत आणि समुद्राच्या हाकेच्या अंतरावर हे गाव आहे. गावाचा रक्षणकर्ता श्री देव वेतोबा. माणसाहून कितीतरी उंच अशी त्याची उभी मूर्ती आहे. नवस फेडताना भाविक त्यास केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा अर्पण करतात. देव रात्री गावाभोवती फेरी घालतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नव्या द्यावयाच्या, अशी तेथील श्रद्धा. शेजारचे शिरोडे म्हणजे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचे गाव. आणि १९२० पासून १९३८ पर्यंत तेथील शाळेत वि. स. खांडेकर शिक्षक होते. पाठीवर दप्तर टाकून मुले जेथे चिखलाच्या पाणंदीतून शाळेस जात, अशा त्या कोपऱ्यातूनच खांडेकरांनी १९३६ साली मास्टर विनायक यांच्यासाठी ‘छाया’ या बोलपटाची कथा लिहिली. म्हणजे या किनाऱ्याचे आणि रुपेरी पडद्याचे नाते दळवींच्या आधीपासूनचे आहे.

दळवी पुढे मुंबईस आले. ‘प्रभात’ आणि ‘लोकसत्ता’ या वृत्तपत्रांत त्यांनी काम केले व नंतर अमेरिकन सरकारच्या माहिती खात्यात पुष्कळ वर्षे नोकरी केली. मराठी वाचकांस ते दोन रूपांनी ठाऊक आहेत. ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ या नावाने साहित्यिकांची खेळकर टोपी उडविणारे दळवी हे एक रूप. ‘सारे प्रवासी घडीचे’ या पुस्तकात आरवलीसारख्या गावातील हरतऱ्हेच्या माणसांची मायेने चित्रे काढणारे दळवी हेही त्याच रूपाचा भाग होत. दुसरे रूप काळेकुट्ट आहे. माणसाच्या मनातील अंधार, वासना, एकटेपणा, वेड आणि म्हातारपण यांच्याकडे डोळे न मिटता पाहणारा हा लेखक ‘बॅरिस्टर’, ‘संध्याछाया’, ‘पुरुष’ या नाटकांत दिसतो. १९६३ साली प्रसिद्ध झालेली ‘चक्र’ ही त्यांची पहिली कादंबरी या दुसऱ्या रूपाची नांदी होती. तिचे स्थळ आरवली नव्हे. ते मुंबईतील झोपडपट्टी आहे.

कोकणातील लेखकाने पहिल्याच कादंबरीसाठी कोकण सोडून झोपडपट्टी का निवडावी, असे कोणास वाटेल. परंतु मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसास मुंबई परकी कधीच नव्हती. १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन झाली, आणि पुढील अर्धशतकात गिरण्यांची धुराडी जसजशी वाढली तसतशी रत्नागिरी जिल्ह्यातील गावे तरुण पुरुषांवाचून ओस पडू लागली. गिरणगावातील मजुरांत या जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता. भातशेती तुटपुंजी, जमीन खोताची, कर्ज सावकाराचे. मग पावसाळा सरला की मालवण, देवगड, विजयदुर्ग, वेंगुर्ले या बंदरांतून बोटीत बसावयाचे आणि मुंबईत एखाद्या चाळीतील गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकावयाची. घरची चूल मनीऑर्डरीवर पेटे. गणपतीला आणि शिमग्याला येणारा हा ‘चाकरमानी’ कोकणच्या प्रत्येक घराचा आधार होता. ज्यास चाळीत अंथरुणापुरती जागा मिळाली तो भाग्यवान. ज्याला गाववाले नव्हते, जात-बिरादरीचा आधार नव्हता, गिरणीत वशिला नव्हता, तो पदपथावर किंवा पत्र्याच्या झोपडीत गेला. चाळ आणि झोपडी यांच्यामधील अंतर एका चुकलेल्या पगाराएवढेच असते, हे मुंबईकर कोकण्यास पुस्तकातून शिकावे लागत नाही.

‘चक्र’ बोलपटाची कथा या दुसऱ्या जातीच्या माणसांची आहे. अम्मा ही स्त्री नवऱ्यासह गावातून पळून मुंबईस येते. कारण तिच्या अब्रूवर हात टाकणाऱ्या सावकारास तिच्या नवऱ्याने ठार केलेले असते. मुंबईत डोक्यावर छप्पर हवे म्हणून पत्रा चोरावयास गेलेला नवरा गोळीस बळी पडतो. अम्मा आपल्या बेनवा या मुलासह झोपडपट्टीत राहते. एक ट्रकचालक अण्णा तिला आधार देतो. लुका नावाचा उनाड, गुन्हेगार, पण बोलण्यात मोठा रंगेल असा मनुष्य वाढत्या वयाच्या बेनवास आदर्श वाटू लागतो. लुका रोगाने पोखरून निघतो; पोलिसांचा ससेमिरा चुकवीत तो अम्माच्या झोपडीत शिरतो, आणि त्या झटापटीत तिच्या पोटातील मूलही जाते. अखेरीस यंत्रे येतात आणि साऱ्या झोपड्या भुईसपाट करतात. माणसे आपली भांडी-बोचकी उचलून पुन्हा चालू लागतात. जेथून आरंभ झाला तेथेच शेवट, हाच ‘चक्र’ या नावाचा अर्थ.

ही कथा रवींद्र धर्मराज यांनी पडद्यावर आणली. निर्माते मनमोहन शेट्टी आणि प्रदीप उप्पूर होते. अम्माची भूमिका स्मिता पाटील यांनी, लुकाची नसीरुद्दीन शाह यांनी आणि अण्णाची कुलभूषण खरबंदा यांनी केली. संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’चे कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी या बोलपटाचे कलादिग्दर्शन केले. स्मिता पाटील यांस या भूमिकेबद्दल उत्कृष्ट अभिनेत्रीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. ‘भूमिका’नंतरचे त्यांचे हे दुसरे. आणि मग लोकार्नोचा सुवर्ण बिबट्या आला. धर्मराज यांचा हा पहिला कथाचित्र-प्रयत्न, आणि अकाली मृत्यूमुळे शेवटचाही तोच ठरला. स्मिता पाटीलही १९८६ च्या डिसेंबरात, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, निघून गेल्या. एका पारितोषिकाच्या मानकऱ्यांपैकी दोघांस इतके अल्प आयुष्य लाभावे, ही दैवाची क्रूरताच म्हणावयाची.

१९८१ या सालाकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले असता तीन गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात. त्या वर्षी १ मे रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग हा नवा जिल्हा अस्तित्वात आला, आणि आरवली त्यात गेली. त्याच वर्षी लोकार्नोस ‘चक्र’चा गौरव झाला. आणि त्याच वर्षी १३ जुलै रोजी मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांनी जाहीर केले की, मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्या लोकांस तेथून हलवून त्यांच्या मूळ गावी पाठवून देण्यात येईल. ज्या मुख्यमंत्र्यांच्या कारकीर्दीत सिंधुदुर्गास स्वतंत्र जिल्ह्याचे रूप आले, त्याच कारकीर्दीत हा हुकूमही निघाला. पावसाळ्याचे दिवस, भर पावसात झोपड्या पाडल्या गेल्या. बोलपटाचा अखेरचा प्रसंग मुंबईच्या रस्त्यांवर खरोखरच घडत होता. फरक एवढाच की, तेथे परीक्षक मंडळ नव्हते.

हे प्रकरण न्यायालयात गेले. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि काही पदपथवासी यांचे अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आले, आणि सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी निर्णय दिला. उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, हे तत्त्व त्या निर्णयाने मान्य केले. उपजीविकेचे साधन हिरावून घेतले तर जगण्याचा हक्क केवळ कागदावर उरतो, हा त्यातील विचार भारतीय कायद्याच्या इतिहासात फार महत्त्वाचा मानला जातो. परंतु त्याच निर्णयाने, पदपथ अडविण्याचा हक्क कोणास नाही आणि महानगरपालिकेस अतिक्रमण हटविण्याचा अधिकार आहे, हेही सांगितले. पावसाळा संपेपर्यंत थांबावे, एवढी सवड मात्र दिली. तत्त्व जिंकले आणि झोपडी हरली. अम्मासारख्या स्त्रीस या दोहोंपैकी काय अधिक उपयोगी पडले असते, हे सांगावयास कायदेपंडिताची गरज नाही.

परदेशी पारितोषिकांविषयी एक आक्षेप त्या काळी मोठ्याने घेतला जात असे. १९८० साली राज्यसभेच्या सदस्य असलेल्या विख्यात अभिनेत्री नर्गिस यांनी सत्यजित राय यांच्यावर असा ठपका ठेवला की, भारताचे दारिद्र्य दाखवूनच परदेशात वाहवा मिळविली जाते. तो आक्षेप ‘चक्र’लाही लागू करता येईल, असे वरवर पाहता वाटते. झोपडपट्टी, रोग, चोरी, भूक, सारे काही त्यात आहे. पण येथे मूळ लेखकाची आठवण उपयोगी पडते. दळवींनी ही कथा १९६३ साली मराठीत लिहिली, मराठी वाचकांसाठी लिहिली. त्यांच्यासमोर लोकार्नोचे सरोवर नव्हते की कोणी गोरा परीक्षक नव्हता. दादर-गिरगावातील सुशिक्षित गृहस्थाने रोज लोकलच्या खिडकीतून जे पाहून न पाहिल्यासारखे केले, ते त्याच्याच भाषेत त्याच्यापुढे मांडणे एवढाच त्या लेखनाचा हेतू दिसतो. अठरा वर्षांनी परक्या लोकांनी त्याचे कौतुक केले, म्हणून ते परक्यांसाठी लिहिले होते असे होत नाही. घरातील केर परक्याने दाखविला तर राग येतो खरा. पण येथे केर दाखविणारा घरचाच मनुष्य होता.

आक्षेप घ्यावयाचा तर तो दुसरीकडे घ्यावयास हवा. मुंबईत या बोलपटाची जाहिरात करताना, उघड्यावरच्या नळाखाली स्नान करणाऱ्या अम्माचे दृश्य मोठ्या फलकांवर झळकविण्यात आले, आणि त्यावर टीका झाली. बोलपटात तो प्रसंग लाजेची शोकांतिका म्हणून येतो. ज्या स्त्रीस चार भिंती नाहीत तिला आडोसाही नाही, हे तो सांगतो. फलकावर तोच प्रसंग गिऱ्हाईक खेचण्याचे साधन झाला. एकाच कलाकृतीस दूरच्या नगरात गंभीरपणे पाहिले जाते आणि जिच्याविषयी ती आहे त्या नगरात तिचा असा बाजार मांडला जातो, यावरून दारिद्र्याचे भांडवल परदेशातच होते असे म्हणता येणार नाही.

त्यापुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. गिरण्या पुढे पुन्हा पूर्वीसारख्या चालू झाल्याच नाहीत, आणि हजारो चाकरमानी कायमचे गावी परतले किंवा मिळेल त्या कामाच्या मागे लागले. बोटींचे दिवस सरले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. जयवंत दळवी १६ सप्टेंबर १९९४ रोजी निवर्तले. मराठी माणसाचे नाव परदेशातील महोत्सवांत पुन्हा पुन्हा गाजत राहिले. त्याआधी १९५८ साली व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ला बर्लिनचे रौप्य अस्वल मिळाले होते, आणि त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची होती. २०१४ साली कोकणच्या किनाऱ्यावर चित्रित झालेल्या अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ला बर्लिन येथे बालपरीक्षकांनी स्फटिक अस्वल दिले, त्याच वर्षी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ व्हेनिसच्या ओरिझोंती विभागात सर्वोत्कृष्ट ठरला. २०२५ साली रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी बोलपटास अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागाचे श्रेष्ठ पारितोषिक मिळाले. ‘कोर्ट’ आणि ‘साबर बोंडं’ हे तर मराठीतच बोलतात, हा ‘चक्र’च्या काळापासून घडलेला लक्षणीय फरक आहे. मराठी कथेस जगापुढे जाण्यासाठी हिंदीचा अंगरखा चढविणे आता अपरिहार्य राहिलेले नाही.

तेव्हा सुवर्ण बिबट्या कोणास मिळाला, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? नियमाप्रमाणे तो बोलपटास मिळाला, आणि ते योग्यच आहे. दिग्दर्शकाची दृष्टी आणि नटांचे श्रम यांवाचून ती कथा सरोवराच्या काठापर्यंत पोहोचली नसती. परंतु त्यात मराठी कादंबरीचा वाटा आहे, आणि ज्या गावाने त्या कादंबरीकारास माणसांकडे पाहण्याची नजर दिली त्या गावाचाही आहे. आरवलीत पोट भरत नाही म्हणून माणूस मुंबईस गेला, आणि मुंबईत ठाव मिळत नाही म्हणून पुन्हा चालत राहिला, ही हजारो घरांची हकीकत आहे. रात्रंदिवस चालणाऱ्या देवासाठी आरवलीकर अजूनही नव्या वहाणा नेऊन ठेवतात. पोटासाठी चालणाऱ्या माणसाची आठवण मात्र पुस्तकांतूनच ठेवावी लागते. घरी ‘चक्र’ बोलपट पाहण्याचा योग आला तर त्याआधी कपाटातील किंवा ग्रंथालयातील मूळ कादंबरी वाचावी. तिच्यावर कोणत्याही सुवर्णपशूची मुद्रा नाही. पण त्या मुद्रेचा उगम तीच आहे.